लिऊबाईंचं गरम पाणी

ऑगस्टमधल्या दुबईत, गाडीचं दार उघडताना हात भाजतो अशा दुपारी, लिऊबाई थर्मासमधलं गरम पाणी फुंकून फुंकून पीत. ऑफिसात त्यांना सगळे मॅडम म्हणत. लिऊबाई हे माझ्या बायकोने दिलेलं नाव. एका चिनी पंप कारखान्याच्या त्या इथल्या प्रतिनिधी, आणि मी ते पंप घेणाऱ्या कंपनीत खरेदी सांभाळणारा. बाजारात वावरून शिकलेली हिंदी त्या बिनधास्त बोलत. मी भाव काढला की म्हणत, "कुलकर्णीभाई, पहले खाना. भूखा आदमी गलत भाव बोलता है." मग करामा भागातल्या एका खानावळीत थाळी. ती खानावळ आता बंद झाली. तिथल्या कळकट टेबलाशीही दाराकडे तोंड असलेली मानाची खुर्ची त्या पाहुण्यासाठी राखून ठेवत. भाव ठरायचा तो बडीशेप आल्यावर.

त्यांना "नाही" म्हणताना मी कधी ऐकलं नाही. "स्टडी करेगा" म्हणाल्या, की समजायचं, विषय संपला. हे घरी सांगायची चूक मी केली. तेव्हापासून खोली आवर म्हटलं, की माझी मुलगी म्हणे, "आय विल स्टडी इट, बाबा."

मग मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका कामावर त्यांचे पंप गळू लागले. ते बदलून मिळाले नाहीत तर गिऱ्हाईक जाणार होतं आणि पाठोपाठ माझी नोकरी. इथे नोकरीबरोबर व्हिसा जातो आणि व्हिसाबरोबर मुलीची शाळा. कारखान्याचे मालक स्वतः बोलणी करायला येणार होते. आमचे नवे मॅनेजर सबनीस नुकतेच मरीनातल्या एका हॉटेलात चिनी वाटाघाटींची कार्यशाळा करून आले होते. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, हे तिथे शिकले होते; प्रमाणपत्रही बहुधा दोन्ही हातांनीच घेतलं असावं. लिऊबाईंनी मला आधीच फोन करून बजावलं होतं, की गळतीचे फोटो चारचौघांत दाखवू नका, मालकांशी मी जेवताना बोलते. मी निरोप पोचवला. सबनीस म्हणाले, "कुलकर्णी, फॅक्ट्स आर फॅक्ट्स."

बैठकीत त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड दिलं आणि लगेच गळका पंप पडदाभर मोठा करून दाखवला. मालकांचे इंजिनिअर शेजारीच बसले होते. मालक हसले, काहीतरी बोलले. लिऊबाईंनी भाषांतर केलं, "स्टडी करेगा."

लिऊबाईंनी थर्मासचं झाकण लावलं, उभ्या राहिल्या आणि आधी चिनीत, मग हिंदीत सांगितलं, की कारखान्याचे पंप उत्तम आहेत; इथलं पाणी फार खारं, हे कारखान्याला कळवायचं त्यांच्या स्वतःकडूनच राहिलं. वास्तविक त्या इंजिनिअरांपैकी एकाला त्यांनी पंप बसवण्याआधीच माझ्यासमोर ते पाणी चाखायला लावलं होतं. तो आता टेबलाकडे बघत होता. चूक कारखान्याची नाही म्हटल्यावर मालकांना उदार होता आलं. नवे पंप फुकट आले. सबनीस आता स्वतःच कार्यशाळा घेतात, विषय: ठामपणा.

लिऊबाईंना मात्र महिन्याभरात परत बोलावलं. विमानतळावर मी म्हणालो, "लेकिन मॅडम, गलती तो आपकी नहीं थी."

"किसी की तो चाहिए थी, भाई," त्या म्हणाल्या. "मेरी बेटी का स्कूल खतम हो गया. आपकी बेटी का बाकी है."

मग थर्मास उघडून त्यांनी झाकणात पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी ते फुंकून फुंकून प्यालो.