ड्रॅगनच्या कळपाचा नियम

वडवणीत नुकतंच केबल आलं होतं. त्यावर ड्रॅगन पाहिले आणि प्राणिशास्त्राच्या माझ्या वहीत मी त्यांचं अख्खं जग रचलं. आगीची ग्रंथी कुठं असते, अंडी कोण उबवतं, कळपात हुकूम कुणाचा चालतो, सगळं. कॉलेजात शिकत होते ना, माज होता नुसता.

मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी ताईला आणून सोडलं होतं. त्यात घरी वहिनीचं डोहाळजेवण. ओटी भरायला बायका जमल्या आणि आईनंच ताईला मागच्या खोलीत बसवलं. तिचा जीव रमावा म्हणून मी तिला वही वाचून दाखवू लागले. वाचता वाचता माझाच नियम तोंडून निघून गेला: जिच्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत, त्या मादीला कळप हाकलून देतो.

मी जीभ चावली. बाहेर बायका हसत होत्या.

ताई रडली नाही. "अन् नर?" तिनं विचारलं. "त्याला कोनी तपासतं का न्हाई?"

मी वेड्यासारखी पानं उलटत राहिले. शेपटीवरसुद्धा चार पानं होती.

"ऱ्हाऊ दे, शोधू नको," ताई म्हणाली. "माझ्या दवाखान्याच्या कागदांत बी न्हाई."