घडी करून ठेवलेली शाल

ज्ञानोबामामांनी आज नीट जेवण केलं असेल का, हे डोक्यातून जात नाही. मामी गेल्यापासून ते तेरला एकटेच असतात. आठवडा झाला, माझा फोन उचलत नाहीत. आणि चूक माझीच आहे.

मामा फौजेत होते. सत्त्याऐंशी साली त्यांची पलटण श्रीलंकेत गेली, शांतिसेना म्हणून. तिथून आल्यापासून ते रानात गवतातून चालत नाहीत. कितीही वळसा पडो, मळलेल्या वाटेनंच जातात, पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवून. तिकडं गवतात सुरुंग असायचे. गावातले लोक चिडवतात, "मामा, तुमच्याम्होरं बैल धाडू का?"

यंदा सव्वीस जानेवारीला तेरच्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार होता. शिकलेली भाची म्हणून मामांचा परिचय मी लिहिला आणि मीच वाचला. 'शेजारच्या देशात शांतता आणणारे वीर.' टाळ्या पडल्या. मामांनी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"शांतता न्हाय आणली, पोरी. तिथल्या तमिळ पोरांना हत्यारं आपणच दिली, शिकवलं बी आपणच. मग त्यांच्याशीच लढायला आमाला धाडलं. माझ्याम्होरं चालणारा बलभीम त्यांच्याच सुरुंगावर गेला."

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग पेन्शन बी परत करा की!" लोक हसले. मामा एकटेच फाटकाबाहेर पडले.

माझा मुलगा राजपाल सैन्यभरतीची तयारी करतोय. तो त्यांच्या मागं धावला, त्याच्यामागं मी. "आजोबा, ज्यानं बिघडवलं त्यानं निस्तरायला नको? हात झटकून बसायचं का?"

"निस्तरावं की. न्हाय कोन म्हनतं?" मामा थांबले. "पर ज्याचं घर जळालंय त्याला आधी इचारावं, येऊ का म्हनून. आमी गेलो तवा एका म्हातारीनं पाणी दिलं. सा म्हयन्यांनी तिनंच आमाला बघून दार लावून घेतलं."

राजपालचं म्हणणं, उद्या पहिल्या एसटीनं जाऊन त्यांना घरी घेऊनच यायचं. मी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी बांधूनही ठेवली. मग आठवलं, परिचय लिहिण्याआधी मी मामांना एक शब्द विचारला नव्हता.

ते पहाटे पाचला उठतात. तेव्हा फोन लावीन. उचलला नाही, तर थोड्या वेळानं पुन्हा लावीन. समजूत घालायची नाही. एवढंच विचारायचं, "मामा, येऊ का?"