ताई ऑपरेशनला, आम्ही बागेत

ताईच्या तिसऱ्या बाळंतपणात तिचं बीपी वाढलं आणि अंबडच्या डॉक्टरांनी तिला जालन्याला हलवायला सांगितलं. घरी लेकरांजवळ थांबणारं कुणी नव्हतं, म्हणून दोघंही तिच्याबरोबर गाडीत बसून आली. भाची सहा वर्षांची, भाचा तीनचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी पोचलो, तेव्हा ऑपरेशन करायचं ठरलं होतं. दाजी दवाखान्याच्या जिन्यातच भेटले. जागरणानं त्यांचे डोळे लाल झाले होते.

"तू एक काम कर," ते म्हणाले. "या दोघांना बागेत घेऊन जा. इथं रडून राह्यलेत, तिला आत ऐकू जातंय."

माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. लेकरं सांभाळायची म्हणजे त्यांना खाऊ आणून द्यायचा आणि ताईकडे परत द्यायचं, एवढंच मला येत होतं. पण नाही म्हणायची ती वेळ नव्हती. रिक्षा केली आणि तळ्याकाठच्या मोठ्या बागेत गेलो.

बाग बघून भाचा रडायचा थांबला. एवढी झाडं, एवढे झोके त्यानं कधी पाहिले नव्हते. तो हात सोडून पळाला. भाचीनं मात्र माझ्या शर्टाचं टोक घट्ट धरलं होतं. झोका खेळतेस का विचारलं, तर नाही म्हणून मान हलवली. पाळण्यात बसतेस का, तर पुन्हा तेच. मुरमुऱ्याचा पुडा घेऊन दिला तो तिनं न उघडताच हातात ठेवला.

"मामा, हितून दवाखाना दिसतो का?"

"न्हाई गं, लांब राहिला तो."

खिशातला फोन वाजतोय की काय, असं मला सारखं वाटत होतं आणि मी तो काढून बघत होतो. मी फोन काढला की ती माझ्या तोंडाकडे बघायची.

बागेत सिमेंटचा एक मोठा हत्ती होता. मागच्या बाजूनं पायऱ्या चढून वर जायचं आणि रुंद सोंडेवरून घसरत खाली यायचं. आमचं लक्ष नसताना भाचा वर चढला आणि खाली बघून त्याचं अवसानच गेलं. कठड्याला धरून त्यानं "आई, आई" असा टाहो फोडला. मागं पोरांची रांग लागलेली. मी काही करायच्या आत भाचीनं माझा शर्ट सोडला, पोरांना ढकलत वर गेली आणि त्याला मांडीवर घेऊन बसली. आता खाली येईल म्हणून मी सोंडेपाशी हात पसरून उभा राहिलो. पण ती जागची हलेना.

माझ्या शेजारी बुरख्यातली एक बाई उभी होती. तिची पोरं त्या रांगेत अडकली होती.

"तुमीच चढो ना ऊपर, भाई," ती म्हणाली. "बच्चे डर गए."

मी चपला काढल्या आणि चढलो. वर जागा थोडीच होती. भाचीच्या मागं कसाबसा बसलो, तर ती मागं न बघताच म्हणाली, "मामा, आई मरणार हाय का?"

"कोण म्हणालं तुला?"

"गावाकडची आजी फोनवर सांगत होती. जिवाचं काई खरं न्हाई म्हणली."

खालून पोरं ओरडत होती. काही होत नाही गं, असं मी म्हणणार होतो. सकाळपासून सगळे तिला तेच सांगत होते आणि तिचा त्यावर विश्वास नव्हता, हेही मला दिसत होतं.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणालो. "डॉक्टर हायेत तिच्यापाशी. चांगले हायेत. पण मलापण भ्या वाटून राह्यलंय."

तिनं पहिल्यांदा वळून बघितलं. "तुलापण?"

"हो."

तिनं भाच्याला छातीशी घट्ट ओढलं. मग म्हणाली, "मंग मला धर."

मी दोघांना कवेत घेतलं आणि आम्ही तिघं घसरलो. खाली वाळूत एकावर एक पडलो. माझं कोपर सोललं. भाचा उठून टाळ्या वाजवत म्हणाला, "पुन्ना!"

त्या बाईला सगळी हकिकत सांगितली तेव्हा तिनं आम्हाला आपल्या सतरंजीवर बसवलं आणि डबा उघडला. आधी मला विचारलं, "अंडा चलता ना बच्चों को?" चालतं म्हटल्यावर दोघांच्या हातात पोळी आणि अंड्याची भाजी दिली. मग भाचीला म्हणाली, "मेरा ये छोटाभी ऑपरेशनसेच हुआ."

"दुखलं का?" भाचीनं मराठीतच विचारलं.

"बहुत दुखा. फिर बराबर हो गया. अब देख इसको." तिचा धाकटा तेव्हा माती खात होता. तिनं त्याच्या तोंडात बोट घालून ती बाहेर काढली. भाचीला हसू आलं. मग ती जेवली, चांगली दोन पोळ्या जेवली.

हात धुवायला नळावर गेलो तेव्हा फोन आला. दाजी होते. "मुलगी झाली," एवढं म्हणून थांबले आणि मग म्हणाले, "दोघीपण चांगल्या हायेत." मी भाचीला सांगितलं. तिनं विचारलं, "आई बोलली का?" आई अजून गुंगीत आहे म्हटल्यावर तिनं पुन्हा माझ्या शर्टाचं टोक धरलं.

संध्याकाळी लेकरांना आत सोडलं. ताईचा चेहरा सुजला होता, हाताला सलाईन होतं. बाळ पाळण्यात होतं, पण भाचीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती सरळ पलंगापाशी जाऊन उभी राहिली. ताईनं डोळे उघडले आणि हळू आवाजात विचारलं, "बाग पाहिली का गं?"

"न्हाई," भाची म्हणाली आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागली. ताईनं सलाईन नसलेला हात तिच्या केसांवरून फिरवला. दाजी तिला उचलायला पुढे झाले, तेव्हा ताईनंच त्यांना थांबवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "रडू द्या तिला."