वीणा खाली ठेवायची नसते

हिला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. घाबरलो की मी बोलत सुटतो, तेही चढ्या आवाजात. वॉर्डबॉयला झापलं, एसी एवढा गार कशाला म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीशी हुज्जत घातली, आणि शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांना हृदयाच्या झडपेबद्दल वाचलेलं सगळं ऐकवलं. आत माझ्या बायकोचं हृदय उघडलेलं होतं. ती पुन्हा डोळे उघडेल की नाही, हा एकच प्रश्न होता आणि तेवढा सोडून मी बाकी सगळं बोलत होतो. शेवटी आमची मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज, तुम्ही बाहेर एक चक्कर मारून या. संध्याकाळपर्यंत काही कळणार नाहीये. काही झालंच तर मी फोन करते."

देवाधर्माचं म्हणाल तर मी उंबरठ्यावरचा माणूस. गणपतीत आरतीला उभा राहायचो, पण नुसतं तोंड हलवत. आवाज काढला की ही कोपरानं ढोसायची, कारण माझ्या सुरानं बाकीच्यांची आरतीही भरकटायची. डोंबिवलीत जन्म काढला, जिथे प्रत्येक बिल्डिंगमध्ये कुणीतरी पेटी नाही तर तबला शिकत असतं, पण एका मैफलीला मी शेवटपर्यंत बसलो असेन तर शपथ.

ठाकुर्लीच्या त्या हॉस्पिटलमागे जुन्या गावाचं देऊळ आहे. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, पण गावकऱ्यांनी देवळापुढचं अंगण राखलंय. तिथे मांडवात हरिनाम सप्ताह चालू होता. पाणी मिळेल म्हणून मी चपला काढून शिरलो आणि खांबापाशी टेकलो. शेजारी एक आगरी आजोबा गळ्यात वीणा घेऊन उभे होते. सप्ताह संपेपर्यंत ही वीणा रात्रंदिवस वाजती ठेवतात. ती जमिनीला टेकवायची नसते, एकाचा पहारा संपला की त्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. हे सगळं मला नंतर कळलं. आजोबांचा पहारा संपत आला होता आणि पुढच्या पहाऱ्याला दुसऱ्या गावचे कुणी मास्तर येणार होते. त्यांनी मास्तरांना कधी पाहिलेलं नव्हतं. पांढरा शर्ट, चष्मा, खांबापाशी येऊन थांबतील, एवढंच त्यांना सांगितलेलं. आणि मी पांढऱ्या शर्टात, चष्मा लावून, नेमका त्याच खांबापाशी!

आजोबा माझ्याकडे बघून प्रसन्न हसले आणि वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला. एवढ्या वडीलधाऱ्या माणसानं आपल्या पाया पडायचं? मीही गडबडून वाकलो. उठतोय तोवर वीणा माझ्या गळ्यात.

"अहो, अहो, मी नाही..."

"खाली नाय ठेवाची हां, माऊली. नि तार थांबवू नको," असं म्हणून आजोबा चहाला निघूनसुद्धा गेले.

समोर टिटवाळ्याकडचं एक भजनी मंडळ बसलं होतं. कुणाला तरी बोलवा, अशी मी जवळच्या टाळकऱ्याला खूण केली. त्याला वाटलं, मी दाद देतोय. त्यानं खुशीत मान डोलावली. आता आली का पंचाईत! मी आपला बोट फिरवत राहिलो. एक बरं होतं, या वाद्यात चुकायला जागाच नाही. तारा कुणीतरी आधीच लावलेल्या, बोट फिरवलं की तोच सूर. वीणेचा भोपळा माझ्या छातीशी टेकला होता, त्यामुळे सूर कानांआधी बरगड्यांना कळत होता.

बुवांचा आवाज काही गोड नव्हता, चांगला खरखरीत होता. पण त्यांनी अभंगाची पहिली ओळ अशी हळूच उचलली, जशी ही झोपलेल्या नातीला उचलते. मागच्यांनी ती ओळ झेलली आणि पखवाज शिरला. मोबाइलवरची भजनं कानांवरून कितीदा गेली असतील. पण पखवाजवाला हातभर अंतरावर बसलाय, थाप पडायच्या आधी त्याचा खांदा वर जाताना दिसतोय, बुवा नुसत्या डोळ्यांनी "आता" म्हणतायत आणि सगळे टाळ एका क्षणी वाजतायत, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. काय माणसं होती! घामानं निथळत होती आणि एकमेकांकडे बघून हसत होती. माझी बडबड कधीच थांबली होती.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मुलगी संध्याकाळ म्हणाली होती आणि ऊन अजून डोक्यावर होतं. इतक्या लवकर फोन म्हणजे... मी खांबाला पाठ लावली. एक हात वीणेला, दुसरा तारांवर. फोन थांबला आणि पुन्हा थरथरला. वीणा टाकून धावत सुटावं असं वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण आजोबांचा शब्द कानांत होता. मनात देवाला म्हणालो, बाबा रे, मला तू हे धरायला दिलंयस ना, मग मी हे धरतो. तू तिला धर.

गजर चढत चढत टिपेला गेला आणि बुवांनी हात वर केला. पखवाज, टाळ, माणसं, सगळं एकदम थांबलं. मांडवात एकच सूर उरला, माझ्या बोटाखालचा. सगळे तोच ऐकत होते! त्या सुरावर बुवांनी पुन्हा "विठ्ठल" म्हटलं आणि माझंही तोंड उघडलं. सूर लागला की नाही देव जाणे. मी रडत होतो, गात होतो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण बायको आत तशी असताना मला आनंद होत होता. असा आनंद मला ठाऊकच नव्हता.

गजर संपताना खरे मास्तर धापा टाकत आले. मी त्यांच्या पाया पडलो, वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि फोन लावला. "बाबा, आहात कुठे? लवकर आटोपलं. आईचं हृदय छान चालतंय म्हणाले डॉक्टर." आणि लगेच, "मागे काय वाजतंय हे?" मला उत्तर देता येईना. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं असेल.

ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, त्यांच्या हाताला यश आलं. बाकी मी वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, की पाय गळाले होते तेव्हा मला कुणीतरी उभं ठेवलं, आणि त्याचे उपकार फेडायचे कसे ते मला माहीत नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही? आणि एवढा वेळ गप्प?"

यंदा सप्ताहात मी आधी सांगून पहारा मागून घेतला. ही समोर बायकांत बसली होती, टाळ वाजवत आणि ठेका चुकवत. मी तिच्याकडे बघत तार छेडत होतो. पुढचा पहारा त्याच आजोबांचा होता. ते येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले.

"ए माऊली," ते कानाशी म्हणाले, "मना दे आता."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. अजून एक अभंग होऊ दे, मग देतो.