रूढी कुठी बसवली?

आमच्या लॉ कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारणारे एक भाऊ आहेत. त्यांची नक्कल करावी तं मीच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, शिक्का हवेत धरायचा अन् म्हणायचं, "थांब नं बे, समजून तं घे!"

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तोंडी परीक्षेत मी एकदा नापास झालो होतो. दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी पोरांपुढं भाऊंच्या आवाजात सुरू झालो, "देशादेशांतला करार म्हणजे साहेब, अन् रूढी त्याची चपराशी!" पोरं माझ्या मागं पाहू लागली. भाऊ मागंच उभे होते.

"नक्कल बरी आहे, कायदा चुकला," ते म्हणाले. "दोघं एकाच बाकावर बसतात. तुमच्या सावली गावाले वरच्या बांधीतलं, म्हंजे धानाच्या वाफ्यातलं, पाणी खालच्या धानाले सोडतात, थे कोनं लिहून देलं काय? नाई. पण अडवलं तं सारं गाव म्हणते, हे चालत नाई. सारे पाळतात अन् पाळाच लागते असं मानतात, थे रूढी."

परीक्षेत नेमका तोच प्रश्न! माझं डोकं बंद पडलं, पण तोंड भाऊंच्या आवाजात सुटलं, "थांबा नं सर, समजून तं घ्या!" अन् बांधीचं उदाहरण धडाधड सांगून टाकलं. सर हसता हसता खुर्चीतून पडायचेच राह्यले.

बाहेर आलो तं भाऊ लायब्ररी सोडून दारातच उभे, हातात शिक्का. पास का नापास, विचारलंच नाई.

"रूढी कुठी बसवली बे?"

"कराराच्या बाजूले, भाऊ!"

त्यांनी दणकन माझ्या तळहातावर शिक्का मारला. थो पुसू नये म्हणून दोन दिवस मी चमच्यानं जेवलो.