तिघं सांगितले, चौथा बाभळीत

"सगळे आलो. तिघंच होतो. चला आता," साहेब म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

साहेब नागपूरचे. बाभुळगावकडच्या धरणावर त्यांनी शिडाची बोट आणली होती, तिला ते यॉट म्हणत. दुपारी वारा सुटला आणि ती आडवी झाली. तिला धरून लटकलेले तिघं आम्ही नुकतेच वर ओढले होते. आम्ही म्हणजे मी आणि माझी सून वंदना. बचाव पथकाची रबरी बोट आमच्याच गावात असते. इंजिन वंदना चालवते. पुढं मी बसते, कारण या पाण्याखाली कुठं काय बुडालंय ते मासे धरून धरून मला पाठ झालंय.

तिघांच्या पायांत बूट होते. पण निघताना घाटावर, अगदी पाण्याला लागून, मी एक चपलांचा जोड पाहिला होता. आम्ही भोई माणसं डोंग्यात चपला घालून चढत नाही, काठावर काढतो. बाहेरचे घालूनच चढतात. म्हणजे बोटीत आमच्यातलं कोणी तरी होतं.

"घाटावरच्या चपला कोनाच्या?"

"कुठल्या चपला? आजी, थंडी वाजतेय मला."

तेवढ्यात वॉकीटॉकीवर घाटावरून नायब तहसीलदार साहेब बोलले, "काकू, तीन कळवले होते, तीन मिळाले. परत या. वारा वाढतोय."

"एक बाकी हाये, साहेब."

"कोणी सांगितलं?"

"कोनीच नाई सांगून राह्यलं. म्हनूनच."

साहेबांच्या दोन मित्रांपैकी एक मान खाली घालून बसला होता. त्याला म्हटलं, "तू बोल. तुह्या घरचा असता तं?"

तो साहेबांकडं न बघता म्हणाला, "पुंडलिक होता, बोटीवर कामाला. जॅकेटं तीनच होती."

"पोहत गेला असेल तो," साहेब म्हणाले. "तुमच्या लोकांना येतं पोहता."

"एवढ्या लाटांत? जाकीट तं तुमी घालून बसले!"

वंदनानं इंजिन वळवलं. "आत्याबाई, कुठं पाहू?"

"बाभळीत. वारा तिकडंच ढकलून राह्यला."

धरण भरलं तेव्हा बुडालेली बाभळीची झाडं आहेत, त्यांचे वाळके शेंडे पाण्यावर येतात. रबरी बोट तिथं नेता येत नाही, एक काटा पुरतो. लांबूनच पाहिलं. पुंडलिक एका फांदीला मिठी मारून होता. प्रत्येक लाट डोक्यावरून जात होती.

आमच्याकडं थ्रोबॅग असते. पिशवीत दोर भरलेला असतो, एक टोक आपल्या हातात ठेवून पिशवी फेकायची. पहिली फेक वाऱ्यानं नेली. दुसरीही नेली. तिसरी त्याच्या खांद्यावर पडली, पण तो फांदी सोडेना.

"सोड रे बापा! कायले चिटकला?"

सोडली. आम्ही दोघींनी ओढला. छातीला, हातांना काटेच काटे. पाणी ओकला आणि पहिलं काय म्हणाला? "मावशे, सोसायटीत सांगू नोको."

आमच्या मच्छीमार सोसायटीचा नियम आहे. हौशी बोटी आमची जाळी फाडतात, म्हणून त्यांच्यावर काम करणाऱ्याचं जाळं बंद. पुंडलिकानं साहेबांकडून वचन घेतलं होतं, माझं नाव काढायचं नाही. साहेबांनी ते पाळलं, माणूस बुडत असताना पाळलं. वचनासाठीच पाळलं की जॅकेटाचं उघडं पडेल म्हणून, ते मला आजही खात्रीनं सांगता येत नाही.

घाटावर नायब साहेबांच्या कागदावर तीन लिहिलेले होते. मी म्हटलं, "चार लिहा. नावासकट."

सोसायटीनं पुंडलिकाचं जाळं एक हंगाम बंद केलं. त्या ठरावाला हात मीही वर केला होता.

वाचलेल्या माणसानं आकडा सांगितला की आता मी तो धरत नाही. त्याला घरी जायची घाई असते.

पुंडलिक माझ्याशी बोलत नाही. समोरून आला की मान फिरवतो. फिरवू दे. मान आहे म्हणून फिरवतो.