हाताला न थांबणारं मशीन

मला बघायला वाशी तालुक्यातले पाहुणे येणार असं ठरलं आणि अण्णांना काळजी लागली ती गाडीची. त्याआधी दोन स्थळं माझ्या रंगावरून मोडली होती. हे तिसरंही हातचं जाईल या धास्तीनं घरात कुणाला धड जेवण जात नव्हतं. "पोरीचा रंग काय बदलणार न्हाय," अण्णा आईला म्हणाले. मी तिथंच भाकरी थापत होते. "गाडी तरी चकाचक दिसू दे. घर बघून तरी व्हय म्हणतील."

गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण काळीभोर. गाडीचा काळा रंग मात्र अण्णांना रुबाबदार वाटायचा. रोज सकाळी ते धुळीसकट कोरड्या फडक्यानं तिला रगडायचे, त्यामुळं उन्हात बॉनेटभर जळमटांसारखे बारीक ओरखडे दिसायचे. ते घालवायचे तर पॉलिशचं मशीन पाहिजे. आमच्या बेंबळीहून धाराशिवला आम्ही दोघं गेलो. मोबाईलवर सगळी माहिती मीच काढली होती, एवढ्यासाठीच मला सोबत नेलं.

दुकानदारानं दोन मशीनं समोर ठेवली. एक जड, एका जागी गरगर फिरणारं. दुसरं फिरता फिरता डुलणारं, त्यावर दाब जास्त पडला की त्याची फोमची चकती थांबते आणि रंग जळत नाही. घरी पहिल्यांदा करणाऱ्यानं हेच घ्यावं, असं तो सांगत होता. अण्णांनी ते चालू करून एका पत्र्यावर दाबलं. चकती थांबली.

"हे बगा, बसलं की! हाताला थांबतंय ते मशीन कसलं?"

आमच्याकडं विहिरीवरची मोटार घ्यायची ती जास्त एचपीची, बैल घ्यायचा तो भरली गाडी ओढायला लावून. जोर दिसला नाही तर पैसे पाण्यात.

"अण्णा, थांबतंय म्हणूनच ते चांगलं," मी म्हणाले.

"तू गप. तुला बघायला कोण यायलेत, त्याचा इचार कर."

मुलगी मात्र त्यांना हाताला थांबणारीच हवी होती. जड मशीन घेऊन आम्ही परत आलो.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी अण्णांनी मशीन लावलं. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत बॉनेट असं उजळलं की ते शेजाऱ्यांना हाका मारायला लागले. मग मधल्या उंचवट्यावरचा एक ओरखडा जाईना, म्हणून तिथं त्यांनी अंगाचा भार टाकला. जळका वास आला आणि काळ्या रंगाखालचा राखाडी प्रायमर तळहाताएवढा उघडा पडला. मला हसू आलं. मी ते दाबलंसुद्धा नाही.

आई धावत आत गेली आणि हळद कालवून घेऊन आली. त्या जागेवर तिनं हळदीचा जाड थर दिला, वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, फूल ठेवलं. गाडीची पूजा झाल्यासारखं दिसलं. त्याच हातानं तिनं माझ्या तोंडाला पावडर लावायला घेतली, तेव्हा मी तिचा हात झटकला.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. "पूजा केली वाटतं?" आत्यांनी विचारलं. "व्हय, येरमाळ्याला देवीला नेली होती," अण्णांनी ठोकून दिलं. देवीचं नाव ऐकताच आत्यांनी भक्तीनं वाकून बॉनेटवरची हळद बोटानं घेतली आणि कपाळाला लावली. बोट फिरलं तिथं खालचं राखाडी दिसलं. त्यांनी ते बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि आत येऊन बसल्या.

पोहे खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरीला तोंड धुऊन यायला सांगा."

मला वाटलं, अण्णा आता तरी काहीतरी म्हणतील. अण्णा उठलेच, पण मला म्हणाले, "जा की! साबन लावून धू."

मी धुऊन आले. आत्यांनी मला जवळ बसवलं, पदराचं टोक माझ्या गालावर दाबून घासलं आणि उजेडात धरून बघितलं. पदर स्वच्छ होता.

"लावलेलं काय न्हाय. सावळी हाय, पर खरी हाय. आमाला पसंत हाय."

अण्णांनी हात जोडले. मुलगा मोबाईल बघत होता.

"मला पसंत नाही," मी म्हणाले.

चहा न घेताच पाहुणे उठले. अण्णा त्यांच्या मागं फाटकापर्यंत हात जोडत गेले. परत येऊन ते माझ्याशी बोलले नाहीत, आईशी बोलले.

"मशीन तरी दुकानदार वापस घेईल. हिला कोन घेतंय?"

अण्णांच्या बोलण्याचं मला काही वाटलं नाही, ते रोजचंच होतं. पण त्यावर आई हसली, ते लागलं.